कॅप्टन भिंगारदिवे आणि खालच्या वाडीचा साकव

चहा कपात न पडता टेबलावर सांडला, तेव्हा मार्थाबाईंनी काहीच विचारलं नाही. फडकं आणून पुसून घेतलं आणि नवऱ्याचा कप स्वतः भरून दिला.

"या किटलीची चोच वाकडी झालीय," कॅप्टन पास्कल भिंगारदिवे म्हणाले.

किटली गेल्याच नाताळात घेतलेली होती. चोच सरळ होती. मार्थाबाई म्हणाल्या, "असेल."

त्या एका शब्दाची त्यांना पुढं फार लाज वाटणार होती. पण त्या सकाळी नवऱ्याचं मन राखलं एवढंच त्यांना वाटलं. चिन्हं तर आधीपासूनच दिसत होती. मिस्सेच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा मान वर्षानुवर्षं कॅप्टनांचा. हल्ली ते घसा बसल्याचं सांगून पुस्तक दुसऱ्याच्या हातात देत. घरी प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसत, पण पान उलटायला विसरत. बाईंनी एकदाच विषय काढला होता, "जुन्नरला जाऊन डोळे दाखवून येऊ या का?" त्यावर कॅप्टन असे काही वसकले की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

कॅप्टन मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील मिशनच्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि खोटं बोलणाऱ्याला उपाशी झोपायची शिक्षा. मॅट्रिक झाल्या झाल्या पास्कल खडकीला जाऊन फौजेत भरती झाला, इंजिनिअर पलटणीत. पुढची सगळी नोकरी पूल टाकण्यात गेली. ईशान्येच्या डोंगरांत, लडाखच्या थंडीत, पुरानं तोडलेल्या रस्त्यांवर. साधा जवान म्हणून लागलेला माणूस सुभेदार मेजर झाला आणि निवृत्त होताना मानाचा कॅप्टन. नवीन पुलावरून पहिला ट्रक जायचा तेव्हा ते स्वतः पुलाखाली जाऊन उभे राहायचे, हातात जपमाळ घेऊन. "माझ्या कामावर माझा भरवसा नसेल तर ड्रायव्हरनं का ठेवावा?" असं म्हणायचे. ही गोष्ट त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला सांगितली होती आणि ती खरीही होती.

मार्थाबाई जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात शिक्षिका होत्या. नवरा सरहद्दीवर असताना त्यांनी त्या डोंगराळ भागात एकटीनं नोकरी केली, मुलगी वाढवली, माणसं जोडली. म्हणून निवृत्तीनंतर कॅप्टनच त्यांच्याकडे राहायला आले. आपटाळ्याच्या पुढं, घाटघरच्या रस्त्याला त्यांनी छोटं घर बांधलं. अंगणातल्या आंब्याखाली दगड रचून पवित्र मरियेसाठी कोनाडा केला. येणारेजाणारे आदिवासी, शेतकरी तिथं थांबायचे, चपला काढून हात जोडायचे. "साहेबांची माउली" म्हणायचे.

त्या घराचं काम खालच्या वाडीतल्या हौशीराम गवंड्यानं केलं. तेव्हा तो पोरसवदा होता. कॅप्टनांनी त्याला ओळंबा कसा धरायचा, सांधा कसा भरायचा हे फौजी शिस्तीनं शिकवलं. एक दगड तिरका बसला तर सबंध थर उतरवायला लावायचे. हौशीराम रडकुंडीला यायचा. पण पुढं जुन्नरपर्यंत त्याच्या हाताचं नाव झालं, ते या तालमीमुळंच. त्याच्या दोन्ही मुली मार्थाबाईंच्या वर्गात शिकल्या.

खालची वाडी रस्त्यापासून लांब नाही, पण मधे ओढा आहे. उन्हाळ्यात पोरं त्यात गोट्या खेळतात आणि पावसाळ्यात तोच ओढा वाडीला कोंडून ठेवतो. शाळा बुडते, आजारी माणूस पलीकडंच अडकतो, हिरड्याची पोती घरात कुजतात. वाडीनं पुष्कळ अर्ज-विनंत्या केल्या. शेवटी वाडीतले जाणते रामनाथबाबा कॅप्टनांच्या अंगणात येऊन बसले.

"साहेब, तुमी तिकडं चीनच्या हद्दीवर पूल बांधले म्हनं. आमचा वढा त्याच्याहून मोठा हाय का?"

कॅप्टन हसले. दुसऱ्याच दिवशी काठी टेकत ओढ्यावर गेले. वय सत्तरीपुढं, पण त्यांच्या अंगात वारं शिरलं. जुन्या लोखंडी तुळया मिळवल्या. जुन्नरचे सुवालालशेठ, मारवाडी जैन, दुकानातल्या गणपतीपुढंही आणि महावीरापुढंही उदबत्ती लावणारे, त्यांनी सिमेंट दिलं आणि वर नावाची पाटी लावायची नाही असं बजावलं. बाकी सगळी वाडीची मेहनत. दोन्ही काठांना हौशीरामनं दगडी टेकू उभे करायचे आणि त्यांवर तुळया टाकून फळ्या ठोकायच्या, असा छोट्या पुलाचा, साकवाचा बेत ठरला.

ओढ्याच्या वळणावर एक जांभूळ आहे. आजवरचा सगळ्यांत मोठा पूर कुठवर आला, त्याची खूण म्हाताऱ्यांनी त्याच्या खोडावर दाखवली. साकव त्या खुणेच्या हातभर वर असला पाहिजे, एवढीच काय ती मेख. त्यासाठी कॅप्टनांनी पेटीतून आपली जुनी लेव्हल काढली, तिवईवर बसवायची, दुर्बीण असलेली. हौशीराम टेकूजवळ आकड्यांची पट्टी धरून उभा राहायचा आणि कॅप्टन दुर्बिणीतून आकडा वाचायचे.

जुन्नरच्या बांधकाम खात्यातला एक तरुण ओव्हरसीअर ओळखीचा होता. तो म्हणाला, "सर, मी येऊन एकदा चेक करतो." कॅप्टन म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून मी हे काम करतोय." मार्थाबाई तिथंच होत्या. किटली, पुस्तक, न उलटलेलं पान, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. 'येऊ द्या ना त्याला,' हे वाक्य ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण परक्या पोरापुढं नवऱ्याचा पाणउतारा कसा करायचा? त्या चहा टाकायला आत गेल्या.

पावसाआधी साकव उभा राहिला. वाडीनं गोडाधोडाचं जेवण केलं. पहिली बैलगाडी जाताना कॅप्टन वाकून साकवाखाली उभे राहिले, हातात जपमाळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भात लावणी उरकून गेल्यावर, श्रावणातल्या एका दुपारी वरच्या डोंगरावर ढग बसले ते हलेचनात. ओढ्याचं पाणी बघता बघता चढलं आणि साकवाच्या फळ्यांना लागलं. रामनाथबाबांची सून रुपाली डोक्यावर गवताचा भारा घेऊन परतत होती. ती मधे असतानाच वरून वाहत आलेलं झाड तुळयांवर आदळलं. पलीकडचा टेकू ढासळला आणि साकव रुपालीसकट पाण्यात गेला. खाली करवंदीच्या जाळीत तिचा पदर अडकला म्हणून ती सापडली. जीव वाचला, पण पाय मांडीपासून मोडला तो मोडलाच. हाड सांधलं, मात्र पाय आखूड राहिला.

पाणी उतरल्यावर सगळी वाडी काठावर जमली. कॅप्टन आले. मार्थाबाई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून शेजारी उभ्या होत्या. रामनाथबाबांनी विचारलं, "साहेब, ह्ये कसं झालं?"

कॅप्टन ढासळलेल्या टेकूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जोडणी कच्ची राहिली."

एवढंच. हौशीरामचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण जोडणी कुणी केली ते सगळ्यांना ठाऊक होतं. माना त्याच्याकडे वळल्या. कुणीतरी म्हणालं, "सिमेट कुटं गेलं रं मग? शेटनं तर गाडी भरून धाडलं व्हतं." दुसरं कुणी म्हणालं, "नवी मोटारसायकल उगं न्हाई आली." मोटारसायकल साकवाच्या आधीची होती. पण त्या दिवशी ते कोण ऐकून घेणार?

हौशीराम पुढं आला. "साहेब, तुमी रोज हितं हुबं व्हता. एक दगड तरी तुमच्या नजरंआड बसवला का मी? सांगा की राव यास्नी."

कॅप्टन काही बोलले नाहीत. मार्थाबाईंनी मान खाली घातली आणि ओल्या चिखलात रुतलेल्या आपल्या चपलांकडे पाहत राहिल्या. आता बोलावं, आता बोलावं, असं म्हणता म्हणता लोक पांगले.

त्यानंतर हौशीरामला कुणी काम देईना. वाडीत त्याच्या मुलींना बोलणी बसायला लागली. नवरात्राच्या आधी तो मंचरला गेला आणि बाजारात बटाट्याची पोती उचलायला लागला. ज्या हातानं दगड घडवायचा, त्या हातानं हमाली. त्याची बायको मंगल रस्त्यात भेटली तर मार्थाबाईंना नमस्कार करायची, पूर्वीसारखाच, पण थांबायची नाही. बाई बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागल्या.

ओढा आटला तेव्हा एके दिवशी कॅप्टन म्हणाले, "मार्था, टेप घेऊन माझ्याबरोबर चल."

दोघंच ओढ्यावर गेली. शाबूत राहिलेल्या टेकूपासून कॅप्टनांनी पाण्याच्या नळीनं पातळी जांभळापर्यंत नेली, गवंडी नेतात तशी. मग पुराच्या खुणेपासून टेप सोडला आणि म्हणाले, "वाच."

बाईंनी आकडा वाचला.

"पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचला. साकव खुणेच्या हातभर वर नव्हताच. तो खुणेच्या खाली बसला होता. जोडणी कशीही असती तरी त्या पुरात तो जाणारच होता. कॅप्टन जांभळाला टेकून उभे राहिले.

"आकडा मी वाचला होता," ते म्हणाले.

"हो."

"मला नीट दिसत नव्हतं, मार्था."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

कॅप्टनांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते टेप गुंडाळत राहिले.

वाटेल की ते तसेच वाडीत गेले असतील. नाही गेले. जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत दिवस गेले. पुरात, गोळीबारात न डगमगलेला माणूस, पण खालच्या वाडीची वाट त्याला उतरवेना. संध्याकाळची जपमाळ ते अर्ध्यावर सोडून द्यायला लागले. नारायणगावात एका नर्सबाईंच्या घरी महिन्यातून एकदा मिस्सा व्हायची. त्यासाठी पुण्याहून फादर लिनस यायचे. त्या महिन्यात ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे उठले आणि कॅप्टन खुर्चीवर बसून राहिले. मनात पाप लपवून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो. त्यांनी ख्रिस्तप्रसाद चुकवल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा त्या खुर्चीवर आणि मग मार्थाबाईंवर. बाई रांगेतून पुढं गेल्या, तोंड उघडून ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि परत येताना त्यांना वाटलं, यांच्यात निदान बसून राहण्याइतका तरी प्रामाणिकपणा आहे.

पुढच्या महिन्यात कॅप्टनांनी मागच्या पडवीत फादरांकडे पापस्वीकार केला. बराच वेळ लागला. एसटीत बसल्यावर ते आपणहून म्हणाले, "फादर म्हणाले, देवाची क्षमा आजच मिळाली. पण त्या गवंड्याची क्षमा देवाकडून मागून आणता येत नाही, ती त्याच्याकडेच मागायला हवी."

त्याच आठवड्यात ते मंचरला गेले. मार्थाबाई बरोबर होत्या. बाजारात ट्रकच्या मागं हौशीराम पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. कॅप्टनांनी तिथंच हात जोडले आणि सगळं सांगितलं. हौशीरामनं ऐकून घेतलं. पोतं खाली ठेवलं नाही.

"साहेब, मला हितं बटाट्याच्या बाजारात सांगून काय उपेग? मला काय म्हाईत न्हाई का, माझी जोडणी कशी व्हती ती? ज्यांना म्हाईत न्हाई त्यास्नी सांगा."

कॅप्टनांना वाटलं होतं, हौशीरामनं माफ केलं की वाडीपुढं उभं राहायची वेळ येणार नाही. परतीच्या वाटेवर हेही त्यांनी बायकोला सांगितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

कॅप्टनांनी निरोप धाडून वाडीच्या देवळापुढं माणसं जमवली त्या दिवशी त्यांनी पलटणीचा कोट अंगात घातला, छातीवर पदकं लावलेला. मार्थाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ते घालून माफी मागू नका." त्यांनी कोट काढून ठेवला आणि साध्या सदऱ्यावर निघाले.

देवळापुढं ते उभे राहिले. कवायतीच्या मैदानावर घुमणारा तो आवाज त्या दिवशी मागच्या माणसांना ऐकू जाईना.

"साकव माझ्यामुळं पडला. उंचीचा आकडा मी चुकीचा वाचला. माझी नजर गेली होती आणि ते मला माहीत होतं. मी ते लपवलं. हौशीरामच्या कामात खोट नव्हती. त्याच्यावर बोट गेलं तेव्हा मी गप्प बसलो. रुपाली, पोरी, तुझा पाय माझ्यामुळं गेला."

रामनाथबाबा तोंडावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "साहेब, आमीबी हौशाला लई बोललो. आमची पन जीभ झडली न्हाई." आणि तेही खाली मान घालून बसले. सगळी वाडीच कानकोंडी झाली होती.

मार्थाबाई बायकांत बसल्या होत्या. नवऱ्यानं सगळं स्वतःवर घेतलं होतं. बायकोला माहीत होतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. उठून बोलायची ती वेळ होती. त्या उठल्या नाहीत. शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "बाई, तुमास्नी काय सोसावं लागलं असंल," तेव्हा तो हात त्यांना चटक्यासारखा लागला.

त्यानंतर कॅप्टनांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. जाड चष्मा लागला. दुसरा साकव बांधायचं ठरलं. उंची त्या तरुण ओव्हरसीअरनं ठरवली आणि बांधकाम मंचरहून परतलेल्या हौशीरामकडे आलं. कॅप्टनांनी त्याच्याकडे बिगारी म्हणून काम मागितलं. घमेली उचलायची, दगड पुढं सारायचे. हौशीराम त्यांना "साहेब" म्हणायचा, पण कामापलीकडं शब्द बोलायचा नाही. एकदा त्यांनी दिलेला दगड त्यानं उलटून पाहिला आणि परत केला. कॅप्टनांनी दुसरा आणून दिला. दुपारी बारा वाजता ते घमेलं खाली ठेवून प्रार्थनेला उभे राहायचे, तेव्हा हौशीरामही थापी थांबवायचा.

साकव झाला. जेवण झालं नाही, टाळ्याही झाल्या नाहीत. लोक नुसते त्यावरून जाऊ-येऊ लागले.

पुढच्या वर्षी उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, कॅप्टन झोपेतच गेले. पुण्याला दफन झालं. पलटणीची माणसं आली, बिगुल वाजला, भाषणं झाली. वाडीतून रामनाथबाबांसह जीप भरून माणसं गेली. हौशीराम गेला नाही. एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "कॅप्टनसाहेबांनी चूक कबूल करायलाही छाती लागते हे दाखवलं, आणि त्यांच्या पाठीशी मार्थावहिनी खंबीरपणे उभ्या राहिल्या." बाईंना तिथं बसवेना.

जूनच्या सुरुवातीला त्या उठल्या आणि खालच्या वाडीत मंगलच्या दारात गेल्या. मंगल ओट्यावर हिरडा निवडत होती.

"मंगल, मला आधीपासून माहीत होतं. साहेबांना दिसत नाही, ते. आकडे वाचले तेव्हाही माहीत होतं. हौशीरामला लोक बोलले तेव्हाही. मी बोलले नाही."

मंगलचे हात थांबले. "देवळापुढं तुमी बसला व्हता, तवाबी न्हाई बोलला."

"नाही."

"आमच्या पोरी तुमच्या हाताखाली शिकल्या, बाई. शाळंत खोटं बोलली म्हनून धाकटीला तुमी उनात हुबं केलं व्हतं. ती घरी आल्यावर मी तिलाच रागं भरलं. म्हनलं, बाई कंदी उगं शिक्षा करायच्या न्हाईत."

मार्थाबाईंना ते आठवतही नव्हतं. त्या बसून राहिल्या. मंगल उठून आत गेली आणि बाहेर आली नाही. जावं की थांबावं ते बाईंना कळेना. ऊन कलतं झालं तेव्हा मोटारसायकल थांबली आणि हौशीराम आला.

"बाई, कशा काय आल्या?"

त्यांना वाटलं होतं, मंगल सांगेल. मंगल दाराआड उभी होती, पण बोलली नाही. मग मार्थाबाईंनी हौशीरामला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. सांगताना त्याच्या तोंडाकडे पाहायचं, एवढा एकच निश्चय त्यांनी केला होता, आणि तो त्यांनी पाळला.

हौशीरामनं ओट्यावर बसून डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "आबाळ भरलंय. चला, सोडतो."

नव्या साकवावरून तो त्यांना घरापर्यंत घेऊन आला. बाई उतरल्या, दार उघडलं. हौशीराम उंबऱ्याबाहेरच थांबला आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिला. गणवेशातले, पदकं लावलेले, तरणेबांड कॅप्टन, पुढं मेणबत्ती.

"चष्मा लावल्याला फोटो न्हाई का, बाई?"

"नाही. ऑपरेशननंतर त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नाही."

"माझ्याकडं बिगारीला व्हते, तवाचा असता तर मी नेला असता," हौशीराम म्हणाला. टोपी घातली आणि मोटारसायकल वळवून वाडीकडे निघाला.